तान्सू येतेय

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, १४ जून

तीर्थरूप सौ. सुलेखावहिनी हिस,

धाकट्या दिराचा एरवी साष्टांग असतो, या खेपेस नाक घासून नमस्कार.

तुझी टाच कशी आहे? सकाळी पहिलं पाऊल टाकताना अजून कळ येते का? दादाची साखर जेवणाआधी किती, जेवणानंतर किती, आणि तुझा डोळा चुकवून खाल्लेल्या पेढ्यानंतर किती? इकडे मी, नीता आणि अश्लेषा तिघंही हिंडतेफिरते आहोत. आईची तब्येत मात्र मी विचारत नाही, कारण तिची मला इथे बसून खडान्‌खडा माहिती आहे. ती गेले अकरा दिवस बॅग भरून मिरजेच्या आपल्या पुढच्या खोलीत बसली आहे, बॅगेला कुलूप घातलंय आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली आहे. आणि तू फुगली आहेस. फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. दादा म्हणाला की तू भांडी आपटत नाहीयेस, उलट फार हळू ठेवतेयस. म्हणून कागद घेतला. ऑफिसातला प्रबोध सांगलीला चाललाय, तो हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला चहा दे, त्याचा यात काही दोष नाही.

दादाकडून कळलेलं तुझं म्हणणं असं, की अठरा वर्षं सासूचं केलं त्यात काय कमी पडलं, म्हणून या सिंगापूरवाल्यांनी मला एका शब्दाने न विचारता त्यांना परस्पर बोलावून घेतलं? वहिनी, तुझ्या गळ्याची शपथ (बरं, माझ्या गळ्याची), आईला मी बोलावलंच नव्हतं. मी बोलावलं होतं एका कपाटाला. हसू येत असेल तर हस, माझी ना नाही. पण मग पुढचं सगळं वाच, मधली पानं गाळू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

तर कपाट. जपानी लोक कपड्यांच्या जुन्या लाकडी कपाटाला तान्सू म्हणतात. आमच्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसच्या मागे एका गाळ्यात ओकुमुरासान नावाचे गृहस्थ असतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगाने आपल्या छत्रीच्या काडीएवढे. जुन्या तान्सू जपानहून आणायच्या, दुरुस्त करायच्या, आणि शक्यतो कुणाला विकायच्या नाहीत, असा त्यांचा व्यवसाय आहे. (गिऱ्हाईक आलं की त्यांचा चेहरा पडतो.) मी गेलं वर्षभर जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे जाऊन बसतो. त्यांचं इंग्रजी तुटकं, माझं जपानी शून्य, त्यामुळे आमचं उत्तम जमतं. आपल्या गल्लीतले सतार करणारे भोपळ्याला टिचकी मारून कान लावायचे ना, तसे हे फळीला टिचकी मारून डोळे मिटतात. किरी नावाचं लाकूड असतं, हलकं इतकं की अख्खा कप्पा एका हाताने उचलावा. सांधे बोटांत बोटं अडकवावीत तसे. खिळेसुद्धा लाकडाचे, तेही कोंड्यात भाजून घेतलेले. पूर्वी तिकडे घरात मुलगी जन्मली की दारात किरीचं झाड लावायचे, आणि तिचं लग्न ठरलं की तेच झाड तोडून तिला कपाट करून द्यायचे. हे मी घरी येऊन नीताला मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, आणि सासूसाठी काय लावायचे? मी विषय बदलला.

विषय का बदलला ते तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने सांगतो. सहा वर्षांपूर्वी आई तीन महिन्यांसाठी आली होती. इथे बारा महिने दमट हवा, कपड्यांना वास येतो, बुरशी धरते. आईच्याने बघवेना. एका दुपारी तिने नीताच्या कपाटातल्या एकूण एक कपड्यात डांबराच्या गोळ्या घातल्या. पैठणीच्या घडीत घातल्या, आणि नीताच्या बँकेत जायच्या काळ्या कोटाच्या दोन्ही खिशांतही घातल्या. दुसऱ्या दिवशी नीता त्या कोटात बारा साहेबांपुढे बंद एसी खोलीत उभी राहून पाऊण तास बोलली. एकाने मध्येच उठून गॅस कुठे गळतोय का म्हणून विचारलं. संध्याकाळी घरी येऊन नीता एकच वाक्य बोलली: आई, माझ्या कपाटाला हात लावत जाऊ नका. बस. भांडण नाही, आदळआपट नाही. आई महिनाभर आधीच परत गेली. तेव्हापासून दोघी फोनवर पाऊस आणि गुडघे यांपलीकडे गेल्या नाहीत. आणि मी? मी दोघींच्या मधे उभा राहून सहा वर्षं दोन्हीकडे बघून हसतोय. माझे गाल दुखायला लागले, वहिनी.

आता मुख्य प्रसंग. दोन तारखेच्या मंगळवारी ओकुमुरासान मला म्हणाले की ही एक तान्सू तू घेऊन जा, तू तिच्याकडे नीट बघतोस. मला भरून आलं. ते तिला 'ओल्ड लेडी' म्हणतात, म्हणून मीही मराठीत तिला स्त्रीलिंगीच करून टाकलं होतं, हे लक्षात ठेव. स्टेशनावरूनच नीताला फोन लावला. गाडी येत होती, दारं वाजत होती, भोंग्यातली ती बाई कुठल्या बाजूने उतरा ते चार भाषांत सांगत होती, आणि त्यात मी ओरडून म्हणालो, नीता, शनिवारी तान्सू येतेय! मग नीताने विचारलं, कोण येतेय? मी म्हणालो, तान्सू, तान्सू! अगं वय झालंय तिचं, सांध्यांत थोडी सैल आहे, पण अजून ठणठणीत आहे. दमट हवेत फुगते जरा, तेवढं आपण सांभाळून घेऊ. आता कायमची आपल्याकडेच. आणि घाबरू नकोस, वरचा भाग आणि खालचा भाग वेगळा करून आणणार आहेत. नीता म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला. तिने ऐकलं, सासू येतेय. (ते शेवटचं वाक्य तिने सासूच्या संदर्भात कसं काय पचवलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण बँकेतल्या माणसांचं डोकं वेगळं चालतं.)

पुढचे चार दिवस आमच्या घरात जे चाललं होतं ते आठवून मला आता घाम फुटतो. मी कपाटाबद्दल बोलत होतो आणि ती आईबद्दल, आणि आमचं इतकं एकमत लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं. ती म्हणाली, कोपऱ्यातली खोली रिकामी करते, तिथे ऊन कमी येतं. मी म्हणालो, शाब्बास, ऊन तिला अजिबात चालायचं नाही. ती म्हणाली, एसी बेताचा ठेवू, सांधे धरतील. मी म्हणालो, अगदी बरोबर, ओकुमुरासानही हेच म्हणतात. तिने बाथरूमच्या भिंतीला धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली. मला वाटलं, जपानी वस्तू आहे, भूकंपाची सवय असणार, काहीतरी पद्धत असेल. लिटल इंडियातून राजगिरा आणि साबुदाणा आला, तेव्हा मात्र मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाली, येणारीचा उपास असला तर? मला वाटलं चेष्टा करतेय, मी खो खो हसलो. ती पण हसली. आणि जी नीता शेजारच्या मुलीची मैत्रीण येणार असली तरी आधी फ्लाइट नंबर विचारून लिहून ठेवते, तिने तो चार दिवसांत एकदाही विचारला नाही. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, आत्ता लिहिताना आलं. असो. त्याच धामधुमीत बुधवारी तिने मिरजेला आईला फोन केला आणि सांगितलं, आई, तुमची खोली तयार आहे, आता यायचं. तू तेव्हा भाजी आणायला गेली होतीस म्हणे. तुला विचारायला हवं होतं, चुकलंच. पण सहा वर्षांनी सासूला 'या' म्हणायचं तर माणूस एका दमात म्हणून मोकळा होतो. आधी जावेची परवानगी काढायला थांबली असती तर धीर गेला असता.

शनिवारी सकाळी दहा वाजता तान्सू आली. चार हमाल, आणि पुढे हातात पांढरे मोजे घातलेले ओकुमुरासान, मुलीच्या पाठवणीला आल्यासारखे. या कपाटांना दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या असतात, त्या वर करून त्यांतून बांबू घालायचा आणि खांद्यावर घ्यायचं. आमच्या मजल्यावर लिफ्टमधून ती अशी डोलीतून बाहेर पडली. समोरच्या चिनी आजी हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं काही देवाचं असावं. मी पुढे होऊन दार उघडतो तर उंबऱ्यात नीता. अंगावर तीच पैठणी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरतुकडा! अगं, भाकरी तिने पहाटे उठून थापली होती, आमच्या घरात ज्वारीचं पीठ कुठे आहे हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. कुणाला काही कळायच्या आत तिने तो भाकरतुकडा त्या कपाटावरून तीनदा ओवाळला, बाजूला टाकला, आणि पायावर म्हणून पाणी घातलं. दीडशे वर्षांच्या लाकडावर! ओकुमुरासान 'नो वॉटर, नो वॉटर' करत गुडघ्यावर बसले आणि खिशातल्या रुमालाने कपाटाचे पाय पुसायला लागले. हमाल विचारतायत, आंटी, कुठे ठेवायचं? आणि अश्लेषा खोलीतून बाहेर येऊन आपल्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, मम्मी, धिस वन नॉट आजी लाह.

नीताने त्या कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, आई कुठायत? मी म्हणालो, आई? आई मिरजेला. ती म्हणाली, त्या बॅग भरून बसल्यात. मी सांगितलंय त्यांना. वहिनी, मी तिथेच चपलांच्या मांडणीवर बसलो. हसावं की रडावं कळेना. खरं सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. सहा वर्षं मला वाटत होतं की हिला आईचं नाव काढलेलं नको असतं, आणि इथे ही भाकरतुकडा घेऊन उभी.

तान्सू आता कोपऱ्यातल्या खोलीत आहे. तिची एक खोड सांगतो, तुला आवडेल. इतकी घट्ट बसवलेली असते की एक कप्पा आत ढकलला की आतल्या हवेने दुसरा आपोआप बाहेर येतो. घरात काही लपवायची सोय राहिली नाही. मी माझे कुरकुरीत शेंगदाणे खालच्या कप्प्यात ठेवले, तर नीताने वरचा लावल्याबरोबर ते तिच्या पुढ्यात हजर. आणि इथल्या दमट हवेत ती फुगते. पहिल्या आठवड्यात मधला कप्पा असा फुगून बसला की मी दोन्ही पाय लावून ओढला, कडी हातात आली आणि मी पलंगावर. ओकुमुरासानना फोन केला तर ते रागावले. म्हणाले, ती फुगते ती आतलं जपण्यासाठी. बाहेरची ओल आत जाऊ नये म्हणून लाकूड स्वतःच घट्ट होतं. फुगलेल्याला ओढायचं नसतं, दुसरीकडून हलकं ढकलायचं, ते आपल्या आपण येतं. मी फोन ठेवला आणि मला तू आठवलीस. राग मानू नकोस. अठरा वर्षं तू आईला जपलंस, तिच्या गोळ्या, तिचे उपास, तिचं दुपारी दोनला काहीतरी खारं लागणं. त्यात तिळाएवढं काही कमी पडलेलं नाही, आणि असं मनात आणणाऱ्याला मीच जोड्याने मारीन.

तेव्हा झाला तो सगळा कानांचा घोटाळा, हे तुला आता कळलंच. नीता बिचारी तोंड लपवून बसली आहे. माझी तर आईला फोन करून 'बाई गं, आम्ही कपाटाची वाट बघत होतो, तुझी नव्हे' असं सांगायची छाती नाही. हे काम तूच करू शकतेस. तिला हळूच, जेवण झाल्यावर, समजावून सांग आणि बॅग उघडायला लाव. एवढा उपकार कर.

दादाला नमस्कार. आईला काय सांगू, तूच सांग.

तुझा आगाऊ दीर,
निशिकांत

ता. क. – वरच्या 'तेव्हा झाला तो' पासून 'एवढा उपकार कर' पर्यंतचं सगळं खोडून टाक. मी काळ्या शाईने लिहिलंय म्हणून माझ्याने खोडवत नाही. आईला काहीही सांगू नकोस. खरी गोष्ट अशी, की ती तान्सू मी आईसाठीच घेतली. किरीच्या लाकडात कीड शिरत नाही, ओल शिरत नाही, म्हणजे डांबराच्या गोळ्यांची गरजच नाही. मी हिशेब केला होता की आधी असं कपाट घरात आणायचं, म्हणजे भांडणाचं मूळच गेलं, मग हळूच सहा महिन्यांनी आईचा विषय काढायचा. दोन बायकांशी दोन वाक्यं बोलण्याऐवजी मी जपानहून कपाट आणलं. दादा मला लहानपणी भित्रा म्हणायचा, ते त्याला सांगू नकोस. बॅग उघडू नका. तिला पाठव.

दुसरा ता. क. – आईला एकटीला विमानात बसवायचं नाही. तू घेऊन ये. तुझीही खोली तयार आहे (म्हणजे अश्लेषा हॉलमध्ये झोपणार आहे, ती 'कॅन लाह' म्हणाली). दादाला तीन महिने पोळ्या लाटू देत, साखरही उतरेल. आता तरी फोन उचल. व्हिसाच्या कागदांसाठी तुमच्या दोघींचे पासपोर्ट नंबर हवेत.

तिसरा ता. क., यांच्या नकळत, नीताकडून –

वहिनी, सा. न. हे आत पाकीट चिकटवायला डिंक शोधतायत, तेवढ्यात लिहिते. आधी तुमची माफी मागते. तुम्हाला न विचारता आईंना फोन केला, ते माझं चुकलं. तुम्ही भाजीला गेल्या होतात हे मला माहीत होतं, म्हणूनच तेव्हा केला. तुम्ही फोनवर असतात तर मला रडू आलं असतं आणि ते तसंच राहिलं असतं.

बाकी माझे कान शाबूत आहेत. वर्षभर हा माणूस उठता बसता तान्सू तान्सू करतोय, ती कपाट आहे हे मला कळत नाही होय? वरचा भाग आणि खालचा भाग वेगळा करून आणणार म्हणे! पण यांच्या तोंडून 'सासू येतेय' हे सहा वर्षांत निघालं नाही, आणि माझ्या तोंडून 'बोलवा' निघालं नाही. मग जे निघालं त्यातच भागवून घेतलं. यांना सांगू नका. कपाटावर पाणी मी बेतानेच घातलं होतं, तरी ते जपानी आजोबा रडायचेच बाकी होते.

वरचा मोठा कप्पा आईंसाठी रिकामा ठेवलाय. तो लावला की माझा उघडतो, ते आता चालेल. आणि येताना मिरजेहून डांबराच्या गोळ्यांची दोन पाकिटं आणायला सांगा. इथे मिळतात, पण त्यांना तो वास नाही.